पहिल्या गिअरचे झटके

आमच्या घरात चुका वाटायचं काम माझ्या सासऱ्यांकडे आहे. ते सगळ्यांना पोटभर वाटतात आणि स्वतःच्या ताटात एकही ठेवत नाहीत. भाजीत मीठ त्यांनी दोनदा घातलं तर सासूबाईंनी बरणी जागेवर ठेवली नव्हती. चाफ्याला कळी कमी आली तर बाजूच्या बिल्डिंगने ऊन खाल्लं. चष्मा सापडत नसेल तर ज्याने शोधून दिला त्यानेच तो लपवला होता. लग्न होऊन मी उमेळ्यात आले तेव्हा पहिलं वर्ष मी या माणसापायी रडले, दुसऱ्या वर्षी भांडायला लागले, आणि आता सातिवलीच्या ऑफिसात दिवसभर हिशेब जुळवून आल्यावर मला भांडायलाही जोर उरत नाही. सासूबाई म्हणायच्या, "बोलू दे गो त्यांना. बोलून झालं की जेवतात नीट." बाबांच्या वाटपातला मोठा वाटा कायम सासूबाईंच्याच पदरात पडायचा, आणि त्यांचं त्यामुळे काही अडलेलं मला कधी दिसलं नाही.

तर अशा माणसाची ही मोटरसायकल. धवल, म्हणजे माझा नवरा, कॉलेजात असताना घेतलेली, शंभर सीसीची, जुन्या पद्धतीची कार्बोरेटरवाली. आमची फुलांची वाडी आता एवढीशी राहिली आहे, तीन बाजूंना इमारती उठल्या, पण फुलं अजून निघतात. सोनचाफा, तगर, जास्वंदीच्या कळ्या. सकाळी खुडणी झाली की बाबा गाडी काढायचे. आई, म्हणजे सासूबाई, टोपली मांडीवर घेऊन मागे एका बाजूला बसायच्या आणि दोघं वसई रोडला जायची. आईंची देवळाबाहेर बसायची जागा ठरलेली. त्यांना तिथे सोडून बाबा हारवाल्यांकडे माल टाकायचे. दुपारी परत आणायचे. ती दोघं घरात एकमेकांशी बोलताना मी फारशी पाहिली नाहीत, पण गाडीवर मात्र आईंचं तोंड बाबांच्या कानाशी आणि अखंड चालू. हेल्मेटातून त्यांना काय ऐकू जायचं देव जाणे.

निघण्याआधी आई गाडीला माळ बांधायच्या. बोटभर लांबीची, हँडलच्या उजव्या मुठीपाशी. खूप वर्षांपूर्वी आगाशीच्या रस्त्यावर बाबांची गाडी घसरली होती आणि मागून आलेला ट्रक हातभर अंतरावर थांबला होता. तेव्हापासून माळेशिवाय गाडी अंगणाबाहेर गेलेली नाही. त्यात पुन्हा आईंना सुताचा दोरा चालत नसे. केळीचं सोपट सोलून त्याचा वाख, म्हणजे दोऱ्यासारखे तंतू, काढायचा, पाण्यात भिजवायचा आणि त्यात फुलं गुंफायची, ही आमच्या बागायतदारांकडची जुनी रीत. बाजारात सगळे दोऱ्यावर गेले, पण घरच्या देवाला आणि घरच्या गाडीला वाखच. आदल्या दिवशीची सुकलेली माळ ओढून काढायची आणि ओली नवी बांधायची.

गणपती झाले आणि गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली. त्रासही कसा, मोठ्या रस्त्यावर एकदम शहाणी. हायवेला लागली की पाण्यासारखी चालायची. पण आमच्या आळीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, जिथे माणसाच्या चालीने गाडी न्यावी लागते, तिथे तिचे चाळे सुरू. मूठ पिळली तर आधी काहीच नाही, मग एकदम उडी. मूठ सोडली तर इंजिन उगाच ओरडत राहायचं, नाहीतर धप्प करून बंद पडायचं. आणि आता आमच्या आळीत दुसरं आहेच काय, वळणं, बिल्डिंगांचे रॅम्प आणि ज्याला वाटेल त्याने घातलेले स्पीडब्रेकर.

बाबांनी लगेच वाटप सुरू केलं. आधी पेट्रोलपंपाचा नंबर लागला, पेट्रोलात पाणी घालतात. मग आईंचा, "तू मागे हलतेस, म्हणून गाडी झटके देते." मग कॅल्विनचा. कॅल्विनचं गॅरेज आमच्या नाक्यावर, बाबांची गाडी तो सुरुवातीपासून बघतो. त्याने कार्बोरेटर उतरवून धुतला, हळू चालताना ज्या बारक्या भोकातून पेट्रोल येतं ते हवा मारून साफ केलं, प्लग बदलला. तरी गाडी बंद पडते म्हटल्यावर त्याने आयडलिंगचा, म्हणजे मूठ सोडल्यावरही इंजिन चालू ठेवणारा स्क्रू पिळून वाढवला. त्याने बंद पडायची थांबली, पण उड्या चालूच.

"काका, कार्बोरेटर म्हातारा झालाय. नवीन टाकू या," कॅल्विन म्हणाला.

"म्हातारा कार्बोरेटर नाय, तुझे हात आळशी झालेत," बाबा म्हणाले आणि गाडी घेऊन घरी आले.

धवलने एका रविवारी गाडी आळीतून फिरवून आणली. त्यालाही झटके बसले असणार. रात्री जेवताना मला म्हणाला, "बाबांचा हात बघितलास? चहाचा कप धरताना हलतो. सगळं धुतलं, पुसलं, बदललं. आता राहिला तो चालवणाराच ना."

मला ते पटलं नाही आणि पटलंही. सत्तरी जवळ आलेल्या माणसाचा हात हलूही शकतो.

मग व्हायचं तेच झालं. सकाळची वेळ, बिल्डिंगच्या रॅम्पपाशी वळण, समोरून शाळेची रिक्षा. बाबांनी गाडी अगदी सावकाश घेतली, रिक्षा गेल्यावर थोडी मूठ पिळली, आणि गाडीने उडी घेतली. बाबा तोल सावरून उभे राहिले. आई टोपलीसकट मागे पडल्या. उजवं मनगट मोडलं. चाफ्याची फुलं सगळ्या रॅम्पवर, आणि त्यात बसलेल्या आई लोकांना म्हणत होत्या, फुलांवर पाय देऊ नका.

दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत मी होते, धवल होता. बाबांना आम्ही आईंचे कपडे आणायला घरी पाठवलं. त्यांनी एवढा वेळ लावला की धवल चिडला. आल्यावर त्यांचे हात काळे होते. कुणी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "माझा हात चुकला."

धवलने मान हलवली. त्याला वाटत होतं तेच त्यांनी स्वतःहून कबूल केलं होतं. त्याने गाडीची किल्ली मागितली आणि बाबांनी खिशातून काढून दिली. आई खाटेवर पडून बाबांकडे बघत होत्या. दुखण्याच्या गोळीने त्यांचे डोळे जड झाले होते. मी मात्र चांगली जागी होते आणि तरी त्या वेळी मला काही खटकलं नाही, याचा मला अजून राग येतो.

ठरलं असं, की गाडी विकायची. फुलं हारवाल्याचा टेम्पो वाडीतून उचलेल, भाव कमी देईल, देऊ दे. आईंनी आता देवळाबाहेर बसायला जायचं नाही. बाबांनी घरात बसायचं. धवल हे सगळं प्रेमानेच ठरवत होता, हे मला कळत होतं. पण त्या दोन माणसांचं सगळं आयुष्य त्या सीटवर होतं, आणि ते तो एका ऑनलाइन जाहिरातीत टाकून मोकळा झाला. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसायला लागले. ते कुणालाच काही बोलत नव्हते. एकदा आमटी खरोखर खारट झाली, माझ्याकडून, तर मुकाट्याने भात कालवून जेवले. आमच्या घरात असली शांतता मी कधी ऐकली नव्हती आणि मला ती अजिबात सोसली नाही.

गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी एकदा तपासून ठेव, म्हणून धवलने ती कॅल्विनकडे पाठवली. आणायला मी गेले.

"वैनी, गाडी एकदम ओके आहे," कॅल्विन म्हणाला. "स्लोला पण मस्त चालते. झटका नाही, काही नाही."

"तू काय केलंस?"

"मी काय पण नाही केलं. फक्त आयडलिंग कमी केलं."

मी तिथेच उभी राहिले. दोन महिने जी गाडी कुणाच्या बापाचं ऐकत नव्हती, ती अंगणात उभ्या उभ्या बरी झाली होती? आणि ज्या माणसाने जन्मात स्वतःची चूक मानली नव्हती, तो आई पडल्या त्याच दिवशी म्हणाला होता, माझा हात चुकला. या दोन्ही गोष्टी एकाच सुमारास कशा झाल्या? दवाखान्यातले बाबांचे काळे हात मला आठवले आणि कॅल्विनला मी मूठ उघडायला लावली. तो कुरकुरला, पण उघडली. स्क्रूच्या डोक्यांवर ताजे ओरखडे होते. त्याने ते बघून भुवया वर केल्या, कारण ते त्याचे नव्हते. आत सगळं स्वच्छ पुसलेलं, नवं ग्रीस लावलेलं. एका खाचेत मात्र काहीतरी राहून गेलं होतं. कॅल्विनने चिमट्याने ओढून काढलं. तो काडीसारखा सुकलेला वाख होता आणि त्याला तपकिरी पडलेली एक पाकळी चिकटली होती.

कॅल्विनला ते गवत वाटलं. मला सांगायची गरज नव्हती. ओला वाख सुकला की आवळतो, हे वाडीतल्या कुठल्याही बाईला विचारा. रोजच्या माळेची टोकं मुठीच्या फटीतून आत गुंडाळत गेली होती आणि सुकून तिथे घट्ट बसली होती. म्हणून मूठ थोडी पिळली की अडायची, जोर लावला की एकदम सुटायची, आणि सोडली की मागे यायची नाही. हायवेवर मूठ जोरात पिळलेली असताना ते कुणाला कळणार. कार्बोरेटर, प्लग, पेट्रोल आणि बाबांचा हात, सगळे बिचारे निर्दोष.

मी गाडी तिथेच ठेवली आणि तडक वाडीत गेले. बाबा चाफ्याच्या आळ्यातलं गवत काढत होते. मी हात पुढे करून तो वाख त्यांना दाखवला.

त्यांनी बघितलं, आणि पुन्हा गवत काढायला लागले.

"तुम्हाला त्याच दिवशी सापडला," मी म्हणाले. "कपडे आणायला आलात तेव्हा मूठ उघडलीत. मग बोलला का नाहीत? धवल तुम्हाला म्हातारा ठरवून बसलाय. रविवारी गाडी जाणार. बोला ना."

"तिला सांगू नको."

"का?"

"ती माळ बांधते म्हणून मी घरी येतो, असं तिला वाटतं. इतकी वर्षं." ते उठून उभे राहिले आणि हाताची माती झटकत राहिले. "तिला कळलं की त्या माळेनेच पाडलं, तर ती कशावर भरवसा ठेवील? हात मोडलाय तो बरा होईल. हे नाय होणार बरं."

"आणि तुमची गाडी?"

"लोखंड आहे ते. जाऊ दे."

मला या माणसाचा राग आला आणि त्याच वेळी तेवढीच मायाही आली. मी एवढंच म्हणाले की रविवारपर्यंत मी गप्प राहीन, पुढचं सांगत नाही. ते म्हणाले, "तू गप्प राहशील? तुझ्या आईने तुला ते शिकवलंच नाय." कितीतरी दिवसांनी त्यांनी कुणालातरी दोष दिला होता. मला ते ऐकून बरंच वाटलं.

पण गप्प राहणं फार जड गेलं. आई डाव्या हाताने भाजी निवडायचा प्रयत्न करायच्या, आणि मी त्यांच्यासमोर बसले की तोंडातून आत्ता निघेल, मग निघेल, असं व्हायचं. त्यांना मी एवढंच विचारलं की गाडी विकतोय ते तुम्हाला चालेल का. त्या म्हणाल्या, "बिघडलेली गाडी घरात नको. त्यांना कधीतरी घेऊन जाईल ती." म्हणजे त्या गाडीला घाबरत होत्या, बाबांच्या हाताला नव्हे. हे मी ऐकलं, आणि तरी पुढे जोडलं नाही.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. जितेंद्र नावाचा तरुण, सातिवलीतल्या एका गाळ्यात कामाला. मुलगा चांगला होता. चपला बाहेर काढून ओट्यावर आला, पाणी प्यायला, मग म्हणाला की एक चक्कर मारून बघतो. धवलने किल्ली दिली. बाबा खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. आई प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून दारात बसल्या होत्या.

जितेंद्रने गाडी हायवेला नेलीच नाही. त्याला रोज गोडाऊनांच्या गर्दीतून जायचं असतं, त्यामुळे त्याला हळू चालणारी गाडीच हवी होती. तो पहिल्या गिअरमध्ये विहिरीला वळसा घालून आला, चाफ्यांच्या मधल्या पायवाटेने गेला, रॅम्पपाशी जाऊन तिथेच वळला आणि माणसाच्या चालीने परत अंगणात आला. इंजिनाचा आवाज एकसारखा, कुठे अडखळ नाही.

"काका, काय मेन्टेन केली आहे," तो म्हणाला. "एवढी स्मूथ गाडी मी या किमतीत बघितली नाही."

आई दारातून उठल्या.

"धवल, त्याला परत फिरवायला सांग," त्या म्हणाल्या.

जितेंद्रने परत एक फेरी मारली. आई खांबाला धरून गाडीकडे बघत राहिल्या, चाकं कशी फिरतात ते बघावं तशा. मग त्या बाबांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या मागे मी बसत होते," त्या म्हणाल्या. "मागे बसणाऱ्याला कळतं, हात कुठला आणि गाडी कुठली. तुमचा हात मला ठाऊक आहे. तुम्ही सावकाश पिळत होता आणि गाडी उडी मारत होती. मी म्हटलं, गाडी खराब आहे, जाऊ दे विकून. आता ही गाडी चांगली कशी झाली?"

बाबांनी खांद्यावरचा पंचा नीट केला.

"कॅल्विनने केली?"

"नाय."

"मग कुणी?"

"मी."

"काय झालं होतं तिला?"

"कचरा होता."

"कसला कचरा?"

बाबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला वाटलं, आता निघेल कुणाचं तरी नाव. पंपाचं, बिल्डरचं, कॅल्विनचं, माझंसुद्धा. ज्या माणसाला आजवर दोष द्यायला कधी माणूस कमी पडला नव्हता, तो माझ्यासमोर तोंड उघडून बसला होता आणि त्याला एकही नाव सापडत नव्हतं.

आईंची नजर हँडलवर गेली. उजव्या मुठीपाशी काहीच नव्हतं. पडल्यापासून त्यांनी माळ केली नव्हती आणि दुसऱ्या कुणी केली नव्हती.

"माझा वाख," त्या म्हणाल्या.

धवलने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. जितेंद्र बिचारा गाडीवर बसूनच होता, त्याला उतरावं की नाही कळत नव्हतं.

आई ओट्याच्या पायरीवर बसल्या. त्या रडत होत्या, पण आवाज नव्हता. नाकही पुसत नव्हत्या, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये आणि डाव्या हाताने त्यांनी पायरी धरली होती. मी पुढे जाणार होते, पण बाबा माझ्या आधी उठले आणि त्यांच्यापाशी जाऊन नुसते उभे राहिले. त्यांना जवळ बसणं वगैरे जमत नाही.

"भाजीचं मीठ माझ्यामुळे," आई म्हणाल्या. "छत्री हरवली ती माझ्यामुळे. पाऊस उशिरा आला तो माझ्यामुळे. सगळा जन्म माझ्या डोक्यावर खापर फोडलंत. आणि एकदाच खरंच माझ्यामुळे झालं, तेव्हा तुमची जीभ कुठे गेली होती? त्या वेळी म्हणायचं ना. म्हणा आता. सुशीला, तुझ्यामुळे झालं, म्हणा."

धवल हळूच पुढे झाला. त्याने जितेंद्रच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या पोराने समजूतदारपणे मान हलवली, गाडी स्टँडवर लावली आणि चपला घालून निघून गेला. जाताना मला म्हणाला, "ताई, कधी द्यायची झालीच तर मला सांगा." धवल किल्ली हातात घेऊन उभा होता. शेवटी त्याने ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली आणि घरात निघून गेला. त्याचे डोळे भरले होते, ते त्याला आम्हाला दाखवायचे नव्हते.

"म्हणा," आई परत म्हणाल्या.

बाबा वळले. गाडीपाशी गेले आणि खांद्यावरच्या पंच्याने मागची सीट पुसली. धूळ नव्हती तरी पुसली. गाडी सुरू केली. मग खाली वाकून, आई ज्यावर पाय ठेवायच्या ती बाजूची पायपट्टी हाताने उघडली आणि ती हलत नाही ना, हे दाबून बघितलं.

"विहिरीपर्यंत नेतो," ते म्हणाले. "ये. बस."